तक्ता

फोंड्याला, वाचनालयाच्या माडीवर,
महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी
आम्ही एक परदेशी चित्रपट तपासतो.
‘तपासतो’ हा शब्द केंकऱ्यांचा.
ते दाबोळीला कस्टममध्ये होते;
प्रत्येक पेटीला चोरकप्पा असतो
असं त्यांना अजून वाटतं.

तक्ता मी आखलेला.
सामाजिक आशय : दहा.
राजकीय भूमिका : दहा.
स्त्रियांचं चित्रण : पाच.
आणि तळाशी, जागा उरली म्हणून,
हसू आलं का : हो / नाही.

या खेपेचा विनोदी होता,
कुठल्याशा थंड देशातला,
जिथल्या आडनावांत स्वर शोधावे लागतात.
नगराध्यक्ष गावचा डोंगर विकतो,
एकच डोंगर, गिऱ्हाइकं तीन.
तिघेही एकाच सकाळी मोजणीला येतात
आणि तिघांच्या फिती एकमेकींत गुंततात.
मोलकरीण सूप घेऊन तीनदा पडते.
एक कुत्रा आहे.
त्याला काम काही नाही.

मी मांडीवर बॅटरी धरून लिहीत होतो :
मोलकरणीला नाव नाही. श्रमिकांची टिंगल.
सत्तेवर बोट ठेवलंय, पण गुदगुल्या करणारं.
हे वाक्य मला आवडलं. पुन्हा गिरवलं.
तेवढ्यात सगळी माडी हसली
आणि कशाला, ते माझं हुकलं.

मग नगराध्यक्ष भाषणाला उभा राहिला
आणि पडद्यावरची खालची अक्षरं गेली.
ऑपरेटर वायरी हलवतोय,
वर चार मिनिटं नुसती अगम्य भाषा :
छातीवर हात, ओलावलेला आवाज,
एक बोट डोंगराकडे,
दुसरा हात खिशावर.
लोक खुर्च्या धरून हसले.
अक्षरं परत आली तेव्हा
कुणी वाचलीसुद्धा नाहीत.
ते भाषण आम्हाला पाठ होतं.

नंतर चर्चा.
केंकरे म्हणाले, डोंगर शेवटी वाचतो,
म्हणजे दिग्दर्शक सुधारणावादी.
लुर्दिना टीचर म्हणाल्या, वाचत नाही हो,
गिऱ्हाइकांचे पैसे संपतात. फरक आहे.
नगराध्यक्ष विहिरीत पडतो
तो जनतेचा न्याय की नुसता तोल गेला,
यावर पाऊण तास.
मोलकरणीवर मी एकटाच बोललो,
बराच वेळ, आवाज जरा चढवून,
कारण शेवंती गावडे तेव्हाच
चहाचे कप घेऊन वर येत होती.

ती मागे उभी राहून सगळा पाहते, दर वेळी.
मी जिन्यात गाठून विचारलं,
ती बाई पडायची तेव्हा तुला काय वाटलं?
(मला काय ऐकायचं होतं
ते मी आधीच तक्त्यात लिहून ठेवलं होतं.)
‘पडटाच मनीस,’ ती म्हणाली,
‘हांव पडल्यां हांगाच, ह्याच पांवड्यार.’
मग कप सावरत, एकटीच हसत,
‘पूण तो सुणो, सर! तो सुणो!’

सुण्याला रकाना नव्हता.

घरी जाताना कुर्टीच्या वळणावर
डोंगराचा अर्धा गाल कापलेला आहे,
पत्र्यांच्या आड, लाल, ओला.
पत्र्यावर निळं तळं, पांढरे बंगले,
आणि छातीवर हात ठेवलेला एक हसरा चेहरा.
रस्त्याच्या मधोमध, उकरलेल्या मातीवर
एक कुत्रा पसरला होता.
मी हॉर्न दिला. त्यानं एक कान हलवला.
पुन्हा दिला. त्यानं माझ्याकडे पाहिलं,
मग पत्र्यावरच्या चेहऱ्याकडे,
आणि जांभई दिली.

स्कूटर बंद करून
मी तिथंच हसत बसलो,
दीड तास उशिरा,
मागून रेतीचा ट्रक येईपर्यंत.

तक्ता अजून खिशात आहे.
सामाजिक आशयाला सहा दिलेत,
राजकीय भूमिकेला साडेचार,
ते खोडून सात, ते खोडून काही नाही.
शेवटच्या ओळीत ‘हो’वर खूण करणार होतो.
पण कुठं, ते विचारलेलं नाही.